म्हातारपणाचा प्लॉट

अंकुश,

तुझ्या तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगत होता, बालाजी, शांत राहा. मी शांत राहिलो. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. समोर पत्रावळ आणि पत्रावळीच्या पलीकडं खुर्चीवर तुझा हार घातलेला फोटो. तो फोटो परंड्याचा आहे. लेआउट बघायला गेलो होतो, काम लवकर उरकलं म्हणून किल्ल्यासमोर उभे राहिलो आणि तू माझ्या खांद्यावर हात टाकलास. फ्रेमवाल्यानं मला कापून काढलंय. तुझ्या हाताखाली माझ्या शर्टाची बाही तेवढी राहिली आहे. त्या बाहीकडं बघत मी बुंदी खाल्ली आणि मनातल्या मनात तुला आईबहिणीवरून शिव्या दिल्या.

मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. पण तू हट्टापायी मेलास. लोहाऱ्याबाहेरच्या तुझ्या स्वतःच्या प्लॉटवर, रविवारी भर दुपारी, मागच्या ढाबेवाल्या तात्याच्या पुतण्यानं तुझं डोकं पहारीनं फोडलं आणि मी शेजारी होतो. पेपरात ‘जमिनीच्या वादातून’ एवढंच आलं, खाली वय आणि गाव. तू कोण होतास, आपण दोघांनी मिळून जन्मभर जमिनीची दलाली केली, तालुक्यातल्या निम्म्या व्यवहारांत आपला चहा झालेला आहे, यातलं काही त्यात नव्हतं. मलाही ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि आता तू उलट बोलायला नाहीस, याचा मला भयंकर राग येतोय.

भांडण जुनंच. तहसीलसमोरच्या चहाच्या गाड्यावर तू बशीत चहा ओतून पहिल्यांदा ते काढलंस तेव्हा आपल्या दोघांच्याही मिशा काळ्या होत्या.

“नोकरदाराला पेन्शन असती,” तू म्हणालास. “शेतकऱ्याला शेत असतं. दलालाला काय असतं, बाल्या? जीभ. अन् दात पडले की जीभ बी चालत न्हाय.”

“मग काय करायचं?”

“दलाली पैशात घ्यायचीच न्हाय. जागेत घ्यायची. ज्येचा लेआउट इकायचा, त्येच्याकडनंच एक तुकडा मागायचा. पैसा दिसला की बायको मागती, पोरं मागत्यात, पाव्हणं मागत्यात. जागा कोण मागतंय? पडून ऱ्हाती, वाढती.”

मी म्हणालो, जागा सांभाळायला माणूस लागतो. पासबुकाला लागत नाही. पोस्टात टाक, विम्यात टाक, दोन तोळे घेऊन ठेव. रिकामी जागा म्हणजे उघडं ताट, कुणीही तोंड घालतं. तू हसलास आणि चहाचे पैसे मला द्यायला लावलेस.

त्यातूनच भूमच्या बाजारात आपली मारामारी झाली. मोठा लेआउट आपण दोघांनी उभा केला होता, आणि मालकानं विचारलं, दलाली कशी देऊ? तू मला न विचारता दोघांच्या वतीनं सांगून मोकळा झालास, जागेत. मला त्या वेळी रोख पाहिजे होती, थोरलीच्या कॉलेजसाठी. आठवडी बाजारात, ऐन गर्दीत मी तुला चोर म्हणालो. तू मला ढकललंस. मी तुझी कॉलर धरली आणि आपण दोघं कांद्याच्या ढिगावर पडलो. तू ठोसा मारलास, माझा पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी तुझ्या दंडाला असा चावलो की तिथलं मांस शेवटपर्यंत काळं राहिलं. सोडवायला कोणी आलं नाही. लोकांना वाटलं दोन व्यापारी बैलावरून भांडताहेत. कांदेवाली बाई तेवढी पायलीचं माप घेऊन दोघांनाही बडवत होती.

मग आपण एकाच एसटीनं परत आलो, कारण दुसरी गाडी नव्हती. स्टँडवर तू सोडा आणलास आणि म्हणालास, “चूळ भर.” मी भरली. तू माझा हिस्सा मला रोखीत दिलास आणि तुकडा स्वतःकडं ठेवलास. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. प्रत्येक व्यवहारात मी पैसा घ्यायचा, तू जागा घ्यायची.

तुझं बरोबर होतं, हे आता कबूल करायला माझं काही जात नाही. एक तुकडा विकून तू लेकीचं, मनीषाचं लग्न केलंस, मांडव बघून माझी बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. दुसरा विकून वहिनींचं ऑपरेशन सोलापूरला चांगल्या ठिकाणी झालं. पेरू पिकला की तोडावा तसा तू एकेक तुकडा काढत गेलास, आणि माझं पासबुक मात्र होतं तिथंच बसून राहिलं, महागाई त्याला कुरतडत गेली. पण माझंही बरोबर होतं. म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

शेवटी एकच ठेवलास. फाट्यावरचा, कोपऱ्याचा, दोन बाजूंना रस्ता असलेला. त्याला तू प्लॉट म्हणतच नव्हतास. “हे माझं म्हातारपण हाय,” म्हणायचास. साठी झाली की दलाली बंद, पुढं दोन गाळे काढायचे, भाड्यावर बसून खायचं आणि दुपारी झोपायचं. तुझी सगळी महत्त्वाकांक्षा दुपारच्या झोपेपाशी येऊन थांबायची. रस्ता मोठा होणार अशी हूल उठली आणि त्या म्हातारपणाचा भाव एकदम चढला, आणि तिथंच घात झाला.

मागं तात्याचा ढाबा, त्याचे टिप्पर, त्याचं खोदायचं मशीन. तुझा कोपरा मिळाला की त्याच्या गाड्या सरळ रस्त्याला लागणार. त्यानं आधी स्वतः विचारलं. मग माणसं पाठवली. मग विचारायचं बंद केलं आणि एका सकाळी तुझ्या जागेत खडीचा ढीग पडलेला दिसला. मी तुला त्याच दिवशी सांगितलं, विकून टाक. अशा माणसाशी जागेवरून लढायचं नसतं, भाव वाढवून घ्यायचा आणि निघून यायचं. तू काय केलंस? त्याच ढिगातली खडी उचलून त्याच्या टिप्परची काच फोडलीस. पुढं एकदा मशीनच्या डायव्हरला सीटवरून खाली ओढून चपलेनं हाणलंस, तो बिचारा बिहारकडचा, त्याला तुझी भाषाही कळत नव्हती. मोजणी आणून हद्दीचे दगड रोवलेस, चुना फासलास. दगड उपटले गेले. तू परत रोवलेस. तुला लोक गरीब स्वभावाचा म्हणून रडत होते तेव्हा मला हसू येत होतं. तू गरीब वगैरे काही नव्हतास.

आणि मग ते जेवणाचं. ते तू आपल्या धंद्यात फार आधीपासून पाळत आलास. ज्या जागेला बांधकाम नाही, कुंपण नाही, तिथं मालकानं आठवड्यातून एकदा बसून भाकरी खायची, असा तुझा नियम. आजूबाजूच्यांनी बघितलं पाहिजे. कागदावरचा कब्जा साहेबाला दिसतो, भाकरीचा कब्जा शेजाऱ्याला दिसतो, असं तू मला शिकवायचास. आपले रविवार त्यात गेले. चवाळं अंथरायचं, डबा उघडायचा, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा. कांदा बुक्कीनं फोडायचास, त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जावा असा. जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून म्हणायचास, “या जेवायला.” येत कोणीच नव्हतं. ते नुसतं म्हणायचंच असतं.

तात्याचं प्रकरण तापल्यावर मी म्हणालो, आता हे बंद कर. मारतील. तेव्हा तू तुझ्या बापाची गोष्ट पुन्हा काढलीस. किती वेळा ऐकली असेल. बांधावरून भांडण झालेलं, भावकीतला एक जण कुऱ्हाड घेऊन दारात आला. तुझी आजी म्हणाली, ताटावर हाय तो. तर तो माणूस ओट्यावर बसला, कुऱ्हाड मांडीवर आडवी धरून. तुझा बाप सावकाश जेवला, भीतीनं एक भाकरी जास्तच खाल्ली. हात धुऊन बाहेर आला तोवर त्या माणसाचा राग निवला होता. पाणी पिऊन गेला.

“जेवत्या माणसावर कुणी हात उचलत न्हाय, बाल्या,” तू म्हणालास. “वैरी असला तरी थांबतो. आपल्या मुलखात अजून तेवढं इमान हाय.”

मी म्हणालो, तो भाऊबंद होता, तुझ्या आजीच्या हातचं खाऊन मोठा झालेला. तात्याचा पुतण्या तुझ्या घरी कधी जेवलाय? तू ठेचा पुढं सरकवलास.

तो रविवार मला रोज दिसतो. तापलेलं ऊन, कडुलिंबाच्या रोपाची टोपलीएवढी सावली, त्यात आपण दोघं अंग चोरून बसलेले. ढाब्याकडून मोटारसायकली आल्या. पुतण्या पुढं, हातात पहार. दगड उपटायला आणली होती ती. मागच्यातला एक जण आल्या आल्या मोबाईल काढून शूटिंग करायला लागला. मी उठलो. तू उठला नाहीस.

“ये,” तू म्हणालास. “बस. आधी भाकरी खा, मंग भांडू.”

“ऊठ हितनं.”

“घास तरी गिळू दे की लेका.”

त्यानं डब्याला लाथ मारली. ठेचा मातीत गेला. तू काय केलंस, अंकुश? पळाला असतास तर पळता आलं असतं, रस्ता हाकेवर होता. एरवी खडी फेकणारा, चपलेनं मारणारा तू, त्या दिवशी हातही उगारला नाहीस. मातीत पडलेली भाकरी उचललीस, झटकलीस, कपाळाला लावलीस आणि तोंडात घातलीस. त्याच्याकडं बघत. तुला अजून वाटत होतं, तो थांबेल.

पहिला फटका माझ्या हातावर बसला, मी आडवा घातला म्हणून. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दुसरा तुझ्या डोक्यात. त्याचा आवाज कांदा फोडल्यासारखा होता, आणि तेव्हापासून माझ्या घरात कांदा फोडत नाहीत, चिरतात. तू चवाळ्यावर आडवा झालास तरी त्यानं आणखी मारलं. मी डब्याचं झाकण उचलून शूटिंग करणाऱ्याच्या तोंडावर घातलं, त्याची भुवई फाटली, मोबाईल पडला, मी तो टाचेखाली घेतला. पोलिसांना तोच मोबाईल मिळालाय. रस्त्यावर ढाब्यातली माणसं हातात ग्लास धरून उभी होती. एकाचाही पाय पुढं आला नाही.

लोहाऱ्याकडं चाललेली एक वडाप जीप थांबली. आतली माणसं न बोलता उतरली, बायका आपापल्या पिशव्या घेऊन उन्हात उभ्या राहिल्या आणि आपल्याला आत घातलं. डायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझी पँट गरम होत चालली होती. तुला श्वास घेता येत नव्हता. मी तोंड उघडून बघितलं, तर घास तसाच होता. अर्धवट चावलेला, मातीसकट. मी तो बोटानं बाहेर काढला. तू त्यानंतर थोडाच वेळ होतास. बोलला मात्र काही नाहीस. लोक विचारतात, शेवटी काय म्हणाले? मी सांगतो, काही नाही. त्यांना ते आवडत नाही.

जबाब दिला. पुतण्या आत आहे, बरोबरचे दोघं आहेत. तात्या त्या दिवशी म्हणे लग्नाला गेला होता, त्याच्याकडं तसे फोटोही तयार आहेत. दहाव्याला कावळा पहिल्या हाकेला शिवला, याचं मला फार वाईट वाटलं. जन्मभर प्रत्येक सौद्यात तू शेवटच्या क्षणापर्यंत ताणलंस, समोरच्याचा जीव टांगणीला लावलास. इथं तरी अडून बसायचंस. आम्ही काही बोलायच्या आत तू मोकळा झालास.

मी मात्र मोकळा झालो नव्हतो. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाड घेऊन घराबाहेर पडलो. एका हातानं कुऱ्हाड नीट चालत नाही हे मला कळत होतं, पण तात्याला ते माहीत नव्हतं. ढाब्याचा रस्ता तुझ्या घरावरून जातो. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हाताकडं बघितलं.

“भाऊजी, जेवलाव का?”

मी म्हणालो, नाही.

“मंग बसा. ताट वाढते.”

आणि मी बसलो, अंकुश. कसा बसलो मला माहीत नाही. ताट आलं. मी जेवत असताना वहिनींनी माझ्याजवळची कुऱ्हाड उचलली आणि परसात नेली. तेराव्याच्या स्वयंपाकाला सरपण लागणार होतं, ते फोडायला तुझ्या मेहुण्याच्या हातात दिली. फोडल्याचा आवाज येत राहिला आणि मी भाकरी खात राहिलो. तुझ्या बापाच्या दारात आलेला तो माणूस कसा बसला असेल ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच आठवड्यात तात्यानं माणूस पाठवला. पांढरे कपडे, गोड जीभ, आपल्या दोघांच्याही ओळखीचा. नाव लिहीत नाही. तुझ्याच खोलीत, तुझ्याच बाजेवर बसला. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

“झालं ते लई वाईट झालं,” तो म्हणाला. “पण पोरगं कवळं हाय, त्येचं बी आयुष्य बरबाद हुईल. जागेला बाजारापेक्षा वर भाव घ्या, ताई. तात्या न्हाय म्हणणार न्हायती. अन् बालाजीराव, तुमी जबाबात एवढंच फिरवा. झटापट झाली, पडले, दगड लागला. तुमचं बी वय झालं की आता. तुमच्या बी म्हातारपणाची सोय हुईल.”

प्लास्टरचा एक उपयोग असतो, तो डॉक्टर सांगत नाहीत. मी डावा हात गळ्यातून काढून त्याच्या तोंडावर आणला. प्लास्टर फुटलं नाही, त्याचा ओठ फुटला, पांढऱ्या सदऱ्यावर रक्त आलं. दुखून माझ्याच डोळ्यांपुढं अंधारी आली, पण तसं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. तो जायला निघाला तेव्हा वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, “बाजारभाव काय धरला हाय त्येंनी?”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तो गेल्यावर मी ओरडलोच. म्हणालो, “वहिनी, जागा इकायची न्हाय. अंकुशचं रगत सांडलंय तिथं. त्याचं म्हातारपण हाय ते.”

“रगत सांडलं म्हणून ठिवायची का?” त्या म्हणाल्या. “तुमीच तर म्हणत व्हता, इकून टाक, इकून टाक. ह्याच बाजंवर बसून. आन् ते न्हाय म्हणत व्हते. आता ते न्हायती तर तुमी न्हाय म्हणताव. तुमच्या दोघांत माझी आपली करमणूक.”

तुझे सगळे मुद्दे माझ्या तोंडून निघत होते, तुझ्याच आवाजात, बहुतेक तुझ्याच शिव्यांसकट. माझे मुद्दे वहिनींनी उचलले होते आणि ते त्यांच्या तोंडी जास्त शहाणे वाटत होते. मी घरी आलो आणि त्या विकणार असं धरून चाललो. त्यांचा हक्क आहे. मनीषा सासरी, लांब. एकट्या बाईनं तात्याच्या दाराशी कोपरा धरून काय करायचं? पण तो कोपरा त्याच्या ताब्यात जाणार, तुझं डोकं फुटलं त्या जागेवरून त्याचे टिप्पर जाणार, हे मनात आलं की मला काहीतरी फोडावंसं वाटायचं. मी आमच्या न्हाणीतली बादली फोडली. बायकोनं दुसरी आणली, प्लॅस्टिकची.

तेराव्याचे पाहुणे गेले. भांडी घासून पालथी घातली गेली. वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “मोजणीवाल्यास्नी परत बलवा, भाऊजी. दगुड बसवून घ्या.”

“म्हणजे इकायची न्हाय?”

“न्हाय.”

“मग भाव कशाला इचारला?”

“आपली वस्तू केवढ्याची हाय ते ठावं असावं म्हणून.” मग खाली बसल्या. “तुमी दोघं जलमभर भांडलाव. ह्येंचं म्हातारपण जागंत, तुमचं म्हातारपण पोस्टात. मी चा करून देत व्हते. माझं म्हातारपण कशात हाय, कुणी इचारलं का? ह्येंचं तर आलंच न्हाय. माझं यायचंय अजून.”

सांगतो तुला, एवढ्या वर्षांच्या आपल्या भांडणात, चहाच्या गाड्यावर, एसटीत, कांद्याच्या ढिगावर, ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

त्यांचं सगळं ठरलेलं होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, चूल. खानावळ. भाकरी आणि कालवण, दुसरं काही नाही. “ह्ये आठवड्यातनं एकदा जेवत व्हते तिथं,” त्या म्हणाल्या. “मी रोज माणसं जेवू घालीन. सकाळ-संध्याकाळ. कब्जा कब्जा म्हणत व्हते न्हवं?”

“तात्याचा ढाबा मागंच हाय, वहिनी.”

“असू द्या. त्येच्याच गाड्यांवरले डायवर येतील. भाकरी चांगली असली की माणूस येतो.”

“अन् त्यांनी परत काय केलं तर?”

“जेवत्या माणसाला मारलं त्येंनी,” त्या म्हणाल्या. “वाढणाऱ्या बाईला बी मारत्यात का बघू. मनीषा तिच्या घरी हाय, माझ्या मागं आता कुणाचं अडणार हाय, भ्यायला?” हे त्यांनी इतक्या थंडपणे म्हटलं की मला त्या पहारीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

माझी पोस्टातली ठेव मी मोडतोय. हसू नकोस. खोल्या आणि पत्रे तुझ्या जागेतून उगवणार नाहीत, त्याला पासबुकच लागतं. वहिनी फुकट घ्यायला तयार नव्हत्या, भागीत घ्या म्हणाल्या. म्हणजे तुझी जागा आणि माझा पैसा शेवटी एकाच ठिकाणी आले, आणि त्यासाठी तुला मरावं लागलं. जबाब माझा आहे तोच आहे. कोर्टात कितीही वर्षं लागू देत, मी तिथं जाऊन तोच सांगणार. दात नाही, तर शब्द थोडे फसकन निघतील, त्याला जबाबदार तू.

आज रविवार. बाईनं इतक्यात बाहेर पडायचं नसतं, असं भावकीनं सांगून पाहिलं. वहिनींनी पायात चपला घातल्या. आम्ही तुझ्या प्लॉटवर गेलो. उपटलेल्या दगडांचे खड्डे तसेच आहेत. कडुलिंबाचं रोप तुडवलं गेलं होतं, बुडाशी हिरवं आहे. तू पडलास तिथली माती कुणीतरी खोरून नेली आहे, पोलिसांनी की कुत्र्यांनी, मला माहीत नाही. वहिनी त्या जागेजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मी रडलो, मोठ्यानं, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असा. मग त्यांनी चवाळं अंथरलं, तेच, धुतलेलं. डबा नवीन होता. एका हातानं मला कांदा फोडता येईना, तेव्हा त्यांनी माझ्यापुढून घेतला आणि बुक्कीनं फोडला. मी कानावर हात ठेवणार होतो, ठेवला नाही.

पहिली भाकरी मोडली तेव्हा ढाब्याकडून एक गाडी आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. काचा वर केलेल्या, काळ्या. इंजिन चालू. आत कोण होतं दिसत नव्हतं. हाताशी काही दगड आहे का ते मी डोळ्यांनी शोधत होतो, आणि पळावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

वहिनींनी मानही वर केली नाही. ठेचा माझ्या भाकरीवर ठेवला आणि तुझ्यासारख्याच ओरडून म्हणाल्या, “या जेवायला.”

काच खाली आली नाही. गाडी हललीही नाही. माझ्या तोंडात घास होता, माती लागल्यासारखा कोरडा, आणि डोळे त्या काचेवर.

मी तो गिळला, अंकुश. मग दुसरा घेतला.